नवा इम्पेलर टाकला, तरी एक्झॉस्टमधून पाणी कमीच

प्रश्न थोडक्यात असा: साधारण ३० फुटांची शिडाची बोट, आत ३ सिलिंडरचं डिझेल इंजिन, हीट एक्स्चेंजरवालं, म्हणजे समुद्राचं पाणी इंजिनात फिरणाऱ्या कूलंटला (उष्णता वाहणाऱ्या द्रवाला) थंड करतं आणि मग एक्झॉस्टबरोबर बाहेर पडतं. एक्झॉस्टबरोबर मागे पडणारं पाणी काही आठवड्यांपासून कमी झालंय, सोबत पांढरी वाफ दिसते. २००० आरपीएमच्या वर गेलं की तापमानाचा काटा चढू लागतो. त्यातच, तासभर शिडावर बोट एका बाजूला कललेली चालवून मग इंजिन सुरू केलं की पहिलं मिनिट-दीड मिनिट पाणीच पडत नाही. इम्पेलर (समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा टाकून झाला, फरक शून्य. आता हीट एक्स्चेंजर काढायचा का?

इतक्यात नको. तुमच्या वर्णनात मला एक नाही, दोन दुखणी दिसतात. वेग वाढवल्यावर तापणं म्हणजे पाण्याची वाट कुठेतरी अरुंद झाली असण्याची शक्यता जास्त. कलल्यानंतर पाणी न येणं म्हणजे पंपापर्यंत हवा पोहोचतेय. दोन्ही एकाच वेळी समोर आल्यामुळे एकच कारण शोधलं जातंय, आणि ते सापडत नाही म्हणून एकेक सुटा भाग बदलला जातोय. आधी इम्पेलर, मग पंप, मग हीट एक्स्चेंजर. सगळं बदलून झालं तरी बिघाड जागेवरच राहिलेली इंजिनं मी बरीच पाहिली आहेत.

पण सगळ्यात आधी एक गोष्ट आजपासून बंद करा: पाणी येण्याची दीड मिनिट वाट बघणं. काटा वर गेला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. त्याचा सेन्सर इंजिनात फिरणाऱ्या कूलंटमध्ये असतो, आणि ते कूलंट तापायला वेळ लागतो. एक्झॉस्टचा धूर मात्र पहिल्या क्षणापासून शेकडो अंशांचा असतो. त्याच्या पुढे रबराचा पाइप आहे, प्लॅस्टिकचा वॉटरलॉक (एक्झॉस्टचं पाणी जमून धुराच्या दाबाने बाहेर ढकललं जाणारं भांडं) आहे, आणि त्यांना वाचवणारं फक्त ते समुद्राचं पाणी आहे. अलार्म वाजेपर्यंत पाइपाचं आतलं अस्तर भाजून निघालेलं असतं. कोरडा फिरणारा इम्पेलरही तेवढ्या वेळात करपतो. म्हणजे तुम्ही बसवलेला ‘नवा’ इम्पेलर आता नवा आहे, हे मी धरून चालणार नाही. सुरू केल्यावर २०-३० सेकंदांत पाणी पडलं नाही, तर इंजिन बंद. शिडाच्या बोटीवर ही चैन आपल्याला परवडते. वारा असेल तर शीड, नसेल तर नांगर.

आता मोजमाप. ‘पाणी कमी वाटतं’ यावरून काही ठरत नाही. एक बादली घ्या, बोट पक्की बांधा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि एक्झॉस्टखाली बादली धरून १ मिनिटात किती पाणी पडतं ते मोजा. वॉटरलॉकमुळे पाणी उचक्या दिल्यासारखं येतं, म्हणून पाच-दहा सेकंदांचा अंदाज फसवा असतो. पूर्ण मिनिट धरा. आणि तोंड धुराच्या बाजूला नेऊ नका. हे माप दोनदा घ्यायचं: एकदा १००० आरपीएमला, एकदा २००० ला.

दोनदा का? रबरी पात्यांचा हा पंप प्रत्येक फेऱ्यात जवळजवळ ठरावीक पाणी ढकलतो. वेग दुप्पट झाला की पाणीही दुपटीच्या जवळपास जायला हवं. दोन्ही वेगांना पाणी सारख्याच प्रमाणात कमी असेल, पण दुपटीचं नातं टिकून असेल, तर पंपच थकलाय. १००० ला ठीक आणि २००० ला जेमतेम तेवढंच, असं असेल तर पंपाला दोष देऊ नका, वाट कुठेतरी तुंबली आहे. तुमचा काटा वरच्या वेगालाच चढतो, म्हणून माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. पण बादली काय म्हणते ते आधी बघा.

आणि जर बादलीत पाणी भरपूर आलं, दोन्ही वेगांना, तर ही सगळी वाटच वेगळी. मग समुद्राचं पाणी पुरेसं येतंय, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीये किंवा ती जास्तच तयार होतेय. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत क्षार, अडकलेला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी कूलंटची झडप), कमी कूलंट, कूलंटच्या टाकीचं दाब न धरणारं झाकण, किंवा बोटीच्या तळावर आणि पंख्यावर (प्रोपेलरवर) इतके शिंपले वाढलेत की इंजिनावर बोजा पडतोय. कूलंटच्या टाकीत इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येत असतील तर हेड गास्केटचा संशय घ्यायचा. थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे, काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवा. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला हवा. तुमच्या बाबतीत पाणी कमी दिसतंय, म्हणून या फाट्यावर मी जास्त थांबत नाही.

वाट तुंबली असेल तर पुढचा प्रश्न एवढाच: पंपाच्या आधी की पंपाच्या नंतर?

पंपाच्या आधीची बाजू ओढण्याची आहे. तिथे अडथळा थोडा असला तरी महागात पडतो, कारण पंप कितीही ताकदीने ओढो, मागून ढकलायला फक्त हवेचा आणि समुद्राचा दाब असतो. सीकॉक (बोटीच्या तळातल्या पाणी घेणाऱ्या भोकावरची झडप) बंद करा, त्याच्यावरचा पाइप काढा, हातात लाकडी खुंटी आणि खाली बादली ठेवून सीकॉक हळू उघडा. सीकॉक पाणरेषेच्या बऱ्यापैकी खाली असेल तर पाणी उसळून यायला हवं. नुसतं झिरपलं तर दोष बाहेर आहे: प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ, भोकाच्या कडेने वाढलेले बार्नेकल (चिकटून राहणारे कवचाचे जीव). बाहेरून जाळी बसवलेली असेल तर तिच्या फटींत ते हमखास वाढतात, आणि रंगारी हौसेने त्यावर दरवर्षी रंगाचा थर चढवतात तो वेगळाच. सेलड्राइव्ह (इंजिनाखालून तळातून सरळ पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा पाय) असेल तर पाणी पायातल्या बारीक छिद्रांतून येतं. तिथे पाण्यात उतरून तार घातल्याशिवाय खात्री होत नाही. काही वेळा अडथळा सीकॉकच्या लगेच वर, पाइप जिथे काटकोनात वळतो त्या जोडात बसतो. त्यातलं गवत डिंगीच्या (फुगवायच्या छोट्या होडीच्या) पायपंपाने उलट्या दिशेने हवा मारली की समुद्रात निघून जातं.

स्ट्रेनर (सीकॉक आणि पंप यांच्यामधलं, कचरा अडवणाऱ्या जाळीचं भांडं) उघडून बघितलाच असेल. पण नुसती जाळी झटकून परत ठेवली का, की भांड्याचा तळही हाताने चाचपला? गाळ तळाशी बसतो आणि ढगाळ झालेल्या काचेतून सगळं स्वच्छच दिसतं.

यानंतर सीकॉक ते स्ट्रेनर आणि स्ट्रेनर ते पंप हे दोन पाइप. माझ्याच बोटीवर मी याच ठिकाणी दोन महिने घालवले. लक्षणं तुमच्यासारखीच, संथ वेगाला ठीक, वेग वाढवला की पाणी आटायचं. बाहेरून पाइप ठणठणीत. शेवटी वैतागून काढला आणि आत बोट घातलं, तर आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. जोरात ओढ बसली की ती जीभ भोकावर जाऊन बसायची, इंजिन बंद केलं की पुन्हा बाजूला. त्या दोन महिन्यांत मी दोन इम्पेलर बदलले होते आणि हीट एक्स्चेंजर एकदा खोलून साफही केला होता. तेव्हापासून ओढीच्या बाजूचा पाइप मी नेहमी तारेचं वेटोळं असलेलाच वापरतो, आणि तपासताना वेग वाढवून कुणाला तरी त्यावर हात ठेवायला सांगतो. पाइप आत दबताना हाताला कळतो. अस्तर सुटलेलं असेल तर मात्र बाहेरून काही कळत नाही, काढून आरपार बघावंच लागतं.

ओढण्याची बाजू निर्दोष ठरली तर पंपाच्या पुढे जाऊ. इथे पाणी दाबाखाली असतं. पंपातून निघालेला पाइप वेग वाढवल्यावर दगडासारखा टणक लागत असेल तर अडथळा पुढे आहे हे नक्की समजा. सगळ्यात जास्त संशय मी एक्झॉस्ट एल्बोवर (इंजिनाच्या धुराच्या वाटेवरच्या वळणदार धातूच्या जोडावर) घेतो. गरम धूर आणि खारं पाणी जिथे भेटतात ती ही जागा; काजळी आणि मीठ यांचा तिथे थर बसतो, आणि पाण्याचं इवलंसं तोंड हळूहळू बुजत जातं. धुराची वाटही त्याच वेळी अरुंद होते, म्हणून त्याची साथीची लक्षणं असतात: इंजिन पूर्वीइतक्या कमाल वेगाला पोहोचत नाही, धूर काळपट येतो, बोटीच्या मागच्या भागावर काजळी बसते. यातलं काही होतंय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

खात्री करायची तर एल्बोवर येणारा पाण्याचा पाइप सोडवा, तो बादलीत धरा, कुणाला तरी इंजिन संथ वेगात सुरू करायला सांगा आणि १०-१५ सेकंदांत बंद. जास्त नाही, कारण या वेळात एक्झॉस्ट कोरडा चालतोय. बंद करायच्या खटक्यावर हात ठेवूनच हे करायचं. पाइपातून पाणी धो-धो आलं आणि परत जोडल्यावर मागे पुन्हा करंगळीएवढी धार पडली, तर एल्बो काढा. थर पातळ असेल तर खरवडून आणि सौम्य आम्लात ठेवून निघतो. पण भिंत गंजून पातळ झाली असेल, स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर पापुद्रे निघत असतील, तर साफसफाईवर वेळ घालवू नका, नवा आणा.

बादलीतही पाणी कमीच आलं, तर एकेक जोड मागे या. एल्बोच्या आधी उंचावर बऱ्याचदा सायफन मोडणारा वळसा (समुद्राचं पाणी आपोआप इंजिनात ओढलं जाऊ नये म्हणून) असतो, त्याच्या डोक्यावरच्या झडपेत मीठ साचतं. त्याच्या आधी हीट एक्स्चेंजर. त्याची टोकाची झाकणं काढली की पहिल्या नळ्यांच्या तोंडाशी काय अडकलंय ते दिसतं. इथे एक प्रश्न विचारतो: जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याची सगळी पाती शाबूत होती का? एक जरी तुटलेलं असेल तर ते पातं कुठेतरी पुढे आहे. ते आपोआप बाहेर पडत नाही. तुकडे जमवून, जिगसॉ जुळवतात तसे जुळवून, पातं पूर्ण होईपर्यंत शोधायचं. बरेचदा ते हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी किंवा पंपानंतरच्या पहिल्या वळणात सापडतं. ज्या इंजिनांत झिंकचा खडू (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) असतो, त्यांत त्याचे सुटलेले तुकडेही असेच नळ्यांवर जाऊन बसतात. निम्मा झिजला की बदलला तर ही वेळ येत नाही.

नळ्यांत पांढरा कडक थर असेल तर गाभा बाहेर काढून सायट्रिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. जोरकस आम्ल ॲल्युमिनियमला खातं, म्हणून आपल्या इंजिनात कुठला भाग कशाचा आहे हे माहीत नसताना बाजारातलं कुठलंही ‘डीस्केलर’ आत ओतू नका.

आता दुसरं दुखणं, कलल्यानंतरचं. हे दोन्ही बाजूंना कलल्यावर होतं की एकाच? हा प्रश्न विचारायचं कारण, पाणी घेणारं भोक तळाच्या मधोमध क्वचितच असतं. ते ज्या बाजूला आहे ती बाजू वर उचलली गेली की भोक पाण्याबाहेर डोकावतं किंवा फेसाळ पाण्यात येतं, आणि पाइपात हवा भरते. एकाच बाजूला कलल्यावर होत असेल तर कारण बहुधा हेच. तसं असेल तर इंजिन सुरू करायच्या आधी बोट सरळ करून एखादं मिनिट जाऊ द्या. स्ट्रेनर पाणरेषेच्या वर बसवलेला असेल तर त्यातलं पाणी खाली उतरून गेलेलं असतं. सीकॉक बंद करून स्ट्रेनरचं झाकण उघडा, पाणी भरून झाकण घट्ट लावा, मग इंजिन सुरू करा आणि सुरू होताच सीकॉक उघडा.

पण इथेच एक खूण दडलेली आहे. धडधाकट पंप एवढी हवा काही सेकंदांत ओढून टाकतो. तुमच्याला दीड मिनिट लागतंय. म्हणजे एकतर कुठून तरी हवा सतत आत येतेय, किंवा पंप कोरड्यात ओढू शकत नाही इतका झिजलाय. हवा येण्याची नेहमीची जागा म्हणजे स्ट्रेनरच्या झाकणाचं रबर. ते सुकून चपटं झालेलं असतं, आणि पाणी बाहेर गळत नसल्यामुळे कुणाला संशय येत नाही. पाणी बाहेर गळत नाही म्हणजे हवा आत शिरत नाही, असं नव्हे. पाणरेषेच्या वर असलेल्या जोडातून फक्त हवाच आत जाणार. इंजिन चालू असताना झाकणाच्या कडेने आणि प्रत्येक क्लिपेवर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे गळती. स्ट्रेनर ते पंप तात्पुरता पारदर्शक पाइप लावलात तर बुडबुडे डोळ्यांनीच दिसतील.

पंपाबद्दल, इम्पेलर बदलताना लोक पाती बघतात, पण तो ज्या झाकणाला घासून फिरतो ते बघत नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला नखाला लागेल इतकी चकती कोरली गेली असेल, तर पाती कितीही नवी असोत, पाणी कडेने मागे पळतं. झाकणाची बाहेरची बाजू सपाट असेल तर ते उलटं करून बसवता येतं. आतला उंचवटा, ज्याच्यावर पाती वाकतात, तो झिजलाय का बघा. गास्केट मूळ जाडीचंच हवं. घरी जाड कागदाचं कापलेलं गास्केट फट वाढवतं, आणि कोरडी ओढ तिथेच संपते. अजून एक फसवा प्रकार: इम्पेलरचं रबर आतल्या पितळी बुशापासून सुटतं. दिसायला अगदी नवा, पण बुश फिरतो आणि रबर जागेवर राहतं. एका हाताने बुश धरून पाती पिळून बघा. पंप बेल्टवर असेल तर बेल्ट घसरत नाही ना, खाली काळी भुकटी पडलीय का, हेही त्याच वेळी. नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांडी घासायचं द्रव वापरा, ग्रीस नको. खनिज तेलाने ते रबर फुगतं.

या सगळ्या खटाटोपात तुम्ही इंजिन अनेकदा चालू-बंद करणार आहात, म्हणून एक इशारा, आणि तो मी जरा जोर देऊन सांगतो. स्टार्टर फिरवला की पाण्याचा पंपही फिरतो. इंजिन पेट घेत नसेल तर पाणी वॉटरलॉकमध्ये जमत राहतं, कारण ते बाहेर ढकलायला धुराचा दाबच नसतो. वॉटरलॉक भरला की पाणी एल्बोतून मागे, उघड्या एक्झॉस्ट झडपेतून सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या किरकोळ तक्रारीवरून सुरुवात होऊन इंजिन उपसावं लागलेलं मी पाहिलं आहे. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन लागलं नाही, तर सीकॉक बंद करा, वॉटरलॉकचा तळाचा बूच काढून पाणी सोडा आणि मग पुढचा प्रयत्न. लागताक्षणी सीकॉक उघडायचा. उघडायचा विसर पडू नये म्हणून एरवी सीकॉक बंद करताना मी इंजिनाची चावी त्याच्याच दांड्यावर अडकवतो.

तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन: बादलीची दोन मापं, स्ट्रेनरच्या झाकणाचं रबर, पंपाचं झाकण, ओढीचा पाइप काढून आरपार बघणं, मग एल्बो. पहिली तीन कामं एका सकाळीत होतात आणि त्यांत रबराशिवाय काही विकत घ्यावं लागत नाही. एल्बो काढायची वेळ आली तर त्याचं गास्केट आधी आणून ठेवा, आणि बोल्टांवर आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल सोडा. खाऱ्या पाण्याच्या शेजारचे ते बोल्ट एका दमात सुटले असं माझ्या हातून तरी क्वचितच झालं आहे. सगळं जागेवर आल्यावर १००० आणि २००० ची मापं पुन्हा घ्या आणि लॉगबुकात तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी ‘कमी’ म्हणजे किती कमी, हे सांगणारा आकडा तुमच्याकडे असेल.